खांबावरची लाल रेघ

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी कुणाला घर दाखवत नाही. सकाळी महाल-इतवारीत मारबतीची, म्हणजे इडापिडा घालवायच्या पुतळ्याच्या मिरवणुकीची गर्दी, अर्धे रस्ते बंद. संध्याकाळी गल्लोगल्ली लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं. गाडी लावायला जागा नसते आणि घर घेणाऱ्या पार्टीशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत. सतरा वर्षं मी नागपुरात जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते आहे. घर दाखवायची माझी वेळ सकाळी दहा ते बारा. तेव्हा ऊन खोलीत आलेलं असतं आणि गल्ली शांत असते.

पण 3 सप्टेंबर 2024 ला इलाज नव्हता. पार्टी पुण्याची होती. त्यांची नागपूरच्या मिहान प्रकल्पात बदली झालेली, महालात बहिणीकडे उतरलेले आणि रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं. "आज दाखवता का? नाहीतर मग दिवाळीनंतरच जमेल," ते म्हणाले. घर सात महिन्यांपासून पडून होतं. मी चारची वेळ दिली.

घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत. एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट, पंधराशे चौरस फूट, 1984 चं बांधकाम, खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. मालकीणकाकू निवृत्त शिक्षिका. काका गेल्यावर एकट्याच राहायच्या. दोन्ही मुलं बाहेर. मोठा म्हणाला, आई, आता पुण्याला ये. काकूंनी दोन वर्षं टाळलं आणि मग 23 सप्टेंबर 2023 ची रात्र आली.

नागपूरकरांना ती तारीख सांगावी लागत नाही. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस लागला, काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी ओसंडला, नाग नदी काठ सोडून घराघरांत शिरली, मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. काकूंच्या गल्लीत पाणी पहाटे आलं. त्यांना जाग आली ती पलंगाखाली भांडी एकमेकांवर आपटल्याच्या आवाजानं. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. शेजारच्या मुलांनी गच्चीवरून गच्चीवर फळी टाकली, एकानं काकूंना पाठीवर घेतलं आणि चार घरं पलीकडे दुमजली घरात नेलं. त्या घरात त्या सकाळी सव्वीस माणसं, दोन कुत्री आणि एक तान्हं बाळ होतं. सिलिंडरही त्या पोरांनीच वर चढवला आणि सगळ्यांसाठी चहा, मग खिचडी झाली.

हे सगळं काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी वहीत फक्त 'पाणी शिरलं होतं' एवढंच लिहून घेतलं.

विक्रीसाठी घर तयार करायचं म्हणजे रंग मारायचा, असं पुष्कळांना वाटतं. पुराच्या घराला रंग मारून भागत नाही. भिंत खालून पाणी ओढत राहते. पाणी दीड-दोन फूट चढलेलं असलं तरी ओल तीन फुटांपर्यंत जाते, आणि पाणी उडून गेलं की विटेतला क्षार पांढरा होऊन वर येतो. पुट्टीचे पापुद्रे सुटतात. आमच्या मिस्त्रींनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, आता पुट्टी माराल तं पैसे पान्यात जातीन. भित आतून वली हाय. खरवडून काढा लागते."

त्यांचं ऐकलं. मार्चमध्ये खालचं सगळं प्लास्टर साडेतीन फुटांपर्यंत विटेपर्यंत काढलं आणि भिंती तशाच उघड्या ठेवल्या. नागपूरचा उन्हाळा इतर वेळी नकोसा होतो, पण ओल्या भिंतीला त्याच्यासारखं औषध नाही. नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, संपला तेव्हा विटा ठणठणीत वाजायला लागल्या. मग वॉटरप्रूफिंग घालून नवं प्लास्टर, आणि ते पुरतं वाळल्यावर पुट्टी. मागच्या खिडकीखालची ओल मात्र पुराची नव्हतीच. कूलरची टाकी गळत होती आणि वर्षानुवर्षं ते पाणी भिंतीत मुरत होतं. नागपुरात निम्म्या घरांत खिडकीखाली हा डाग सापडतो आणि घेणारे उगाच पाया खचल्याचा संशय घेतात. टाकी काढली, स्टँड भिंतीपासून वीतभर पुढे घेतला.

प्लग आणि स्विचबोर्ड चार फुटांवर नेले. इन्व्हर्टर वरच्या खोलीत गेला. अंगणातल्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, कारण पुराचं पाणी दारातून येण्याआधी संडासातून वर येतं. जमिनीखालची टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून दोनदा धुतली. काकांच्या नावावरचं लाइट बिल, लीजवरचं नाव, दोन्ही मुलांचं हक्कसोडपत्र ही कागदी कामंही त्याच काळात उरकली. मिस्त्रींचं काम मनापासून चोख होतं. आजही कुणाला दाखवावं असं.

आणि एवढं चोख काम करून शेवटी मी ती रेघ पुसली.

त्या गल्लीत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर काकाजी राहतात. पूर ओसरल्यावर आठवड्याभरात त्यांनी पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि घरोघर फिरून प्रत्येकाच्या फाटकाच्या खांबावर लेव्हल काढली. त्या उंचीवर लाल ऑइल पेंटची रेघ, खाली तारीख, 23/9/23. रस्त्यापासून सव्वातीन फूट. पुढच्यांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गल्लीनं ते मान्य केलं, काकूंनीसुद्धा.

ऑगस्टमध्ये बाहेरचा रंग चालू असताना काकू महिनाभर पुण्याला गेल्या होत्या. मी पेंटरला सांगितलं, खांबही घ्या. दोन हातांत रेघ दिसेनाशी झाली. आधीच्या तीन पार्ट्या ती रेघ पाहूनच परत गेल्या होत्या, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. काकू पोळ्याच्या दिवशी परतल्या. रिक्षातून उतरल्या, खांबापाशी थांबल्या. "रेघ कुठे गेली गं?"

"नव्या रंगावर डाग दिसत होता, काकू."

"डाग?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पार्टी येणार म्हणून फोन केला तर तेवढंच बोलल्या, "या. पोळा आहे, पोरं असतील. मी त्यांना घालवणार नाही."

पार्टी साडेचारला आली. नवरा, बायको आणि सात वर्षांची मुलगी. मुलीनं सकाळी आत्याबरोबर मारबत पाहिली होती आणि ती अजून त्याच नादात होती. फाटकातून आत येतानाच ओरडली, "मच्छर घेऊन जा गे मारबत!" काकू खळखळून हसल्या. सात महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, "तुझा बैल कुठे आहे?" पुण्याच्या पोरीला तान्हा पोळा ठाऊक नव्हता. काकू आत गेल्या आणि पोत्यात बांधून ठेवलेला एक लाकडी बैल घेऊन आल्या. मुलं लहान असताना महालातून आणलेला, सागवानी, चाकं लावलेला, एका शिंगाचा रंग उडालेला. पुरात वर माळ्यावर होता म्हणून वाचला. त्याला झेंडूची माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं आणि दोरी मुलीच्या हातात दिली.

गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. धोतर-फेट्यातली पोरं बैल घेऊन रांगेत उभी. एकानं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हटली, बाकीच्यांनी आवाज दिला, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" आणि तोरण तुटलं. मुलगी त्या घोळक्यात मिसळून गेली.

मी आईवडिलांना घर दाखवत होते. ते नीट पाहत होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, नळ सोडून पाहिले, गच्चीवर जाऊन पाण्याचा उतार पाहिला. पावसाळ्यात घर पाहावं ते असं. मग त्यांनी विचारलं, "प्लग इतके वर का घेतलेत?"

"लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून," मी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. फोनवर याच गृहस्थांनी पुराचं विचारलं होतं तेव्हाही मी 'त्या भागात थोडं आलं होतं' म्हटलं होतं.

तासाभरानं मुलगी परतली. घरोघर बैल नेऊन बोजारा मिळवला होता. मूठभर नाणी, दहाच्या तीन नोटा, चॉकलेटं. ते सगळं आईच्या ओच्यात टाकून म्हणाली, "आई, इथे सगळ्यांच्या गेटला लाल रेघ आहे. मी मोजली, अकरा घरं. तारीख पण सेम. या आजीच्याच गेटला का नाही?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलायची गरजही नव्हती. घर त्यांचं होतं आणि खोटं माझं.

मी सांगितलं. रेघ मी पुसली, पाणी घरात पावणेदोन फूट होतं, प्लग त्यासाठीच वर घेतले. सांगताना घशाला कोरड पडली होती. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा आहे, त्याच्या 55 व्या कलमात लिहिलं आहे की घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. ते कलम मला पाठ आहे. नवीन मुलामुलींना मीच शिकवते.

गृहस्थ गप्प झाले. त्यांच्या पत्नीनं मात्र चप्पल घातली आणि सरळ बाहेर गल्लीत गेल्या. ओट्यांवर बायका बसल्या होत्या, पोरांना चिवडा वाटणं चालू होतं. त्यांनी एकेकीला विचारायला सुरुवात केली. पाणी किती वेळ राहिलं? दुपारपर्यंत. गाळ कोणी काढला? आम्हीच, तीन दिवस, रांग लावून घमेली पास केली. सरकारी मदत? कुणाला मिळाली, कुणी अजून खेटे घालत आहे. पुन्हा येईल का? एका आजीनं सरळ सांगितलं, "येऊ शकते ना बाई. नदी तिथंच हाय." मग एकीनं रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळीचं सांगितलं. झड लागली की रात्री दर दोन तासांनी एक घर जागं राहतं, टॉर्च घेऊन पुलियावर जाऊन नदीची पातळी बघून येतं. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं की थाळी वाजवायची. वार ठरलेले आहेत. गुरुवार काकूंचा होता. त्या गेल्या की गुरुवार कोण घेणार, हे अजून ठरायचं होतं.

मी सात महिने त्या गल्लीत येत-जात होते, पण या पाळ्यांचं मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. मी फक्त घर पाहत होते.

तोवर ओव्हरसियर काकाजी नळी घेऊन आले होते. कुणी बोलावलं ठाऊक नाही. नळीचं एक टोक त्यांनी शेजारच्या खांबावरच्या रेघेशी धरलं, दुसरं मुलीच्या हातात दिलं. "पाणी हलायचं थांबलं की सांग बेटा." ती श्वास रोखून उभी राहिली. "थांबलं!" त्या जागी काकूंनी पेन्सिलीनं खूण केली. पेंटचा डबा आणि ब्रश मी आणला. रेघ मीच ओढली आणि तारीखही मीच लिहिली. ओला रंग दिव्याच्या उजेडात चकाकत होता.

त्यांची गाडी साडेसातची होती. ते घाईनं निघाले. बैल काकूंनी मुलीलाच देऊन टाकला होता. मी धरून चालले होते की ही पार्टी गेली.

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला. त्यांनी किंमत दोन लाखांनी उतरवून मागितली आणि एक अट घातली. पुराची तारीख, पाण्याची उंची आणि केलेली दुरुस्ती बयाणापत्रात लिहायची. काकू लगेच हो म्हणाल्या. मसुद्यात मी ते कलम सगळ्यांत वर घातलं. रजिस्ट्री बाईंच्या नावावर केली, बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अंगठा लावून काकू बाहेर आल्या तेव्हा गल्लीतल्या सात-आठ जणी पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी डब्यात पुडाची वडी आणली होती.

जुलै 2025 मध्ये झड लागली. दोन दिवस थांबलीच नाही. रात्री दोनला माझ्या फोनवर एक फोटो आला. पुलियाचा कठडा, टॉर्चचा उजेड, खाली गढूळ पाणी. कठड्याशी रेनकोट घातलेला माणूस. खाली बाईंनी लिहिलं होतं, "पहिल्या पायरीच्या खाली आहे. आज गुरुवार, आमची पाळी."

मी तो फोटो काकूंना पुण्याला पाठवला. त्या जाग्याच होत्या.