नॅशनल मेरिटच्या फॉर्ममधला 'फर्स्ट चॉइस'चा रकाना

लेकीचं नॅशनल मेरिटचं, म्हणजे अमेरिकेतल्या हुशार शाळकरी मुलांना कॉलेजसाठी मिळणाऱ्या स्कॉलरशिपचं, प्रकरण परवा एकदाचं आटोपलं. गेल्या सप्टेंबरात ती सेमीफायनलिस्ट झाली तेव्हापासून इथल्या आपल्या मराठी मंडळींचे जेवढे फोन आले त्यात बहुतेकांचा प्रश्न एकच, फॉर्ममध्ये कॉलेज कुठलं लिहिलंत? सगळ्यांचा समज असा की मोठ्या नावाचं कॉलेज लिहिलं की कमिटीवर छाप पडते. माझाही तोच होता, म्हणून लिहितेय.

अकरावीतल्या पीएसएटी या परीक्षेच्या गुणांवरून दरवर्षी साधारण १६,००० मुलं सेमीफायनलिस्ट होतात, फेब्रुवारीत त्यातली १५,००० च्या आसपास फायनलिस्ट होतात, आणि प्रत्यक्ष पैसे मिळतात ते त्यातल्या साधारण निम्म्यांना. आणि ही एक स्कॉलरशिप नाहीच, तीन प्रकार आहेत. पहिली २,५०० डॉलरची, एकदाच मिळणारी, ती देताना तुम्ही कुठलं कॉलेज लिहिलंय ते बघतच नाहीत. दुसरी कंपन्यांची, बहुतेकदा कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. कॉलेजच्या नावाला खरं वजन आहे ते तिसरीत, कारण ती कॉलेजच देतं आणि ज्या फायनलिस्टने आपलं नाव फर्स्ट चॉइस म्हणून लिहिलंय त्यालाच देतं. एकदा का एका कॉलेजची अशी ऑफर आली की दुसऱ्या कॉलेजकडून मिळत नाही, आणि मूल दुसरीकडे गेलं तर ती बरोबर नेता येत नाही.

ऑक्टोबरात रात्री साडेअकराला ती लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसली होती, सगळा फॉर्म भरून झालेला, तेवढा एक रकाना रिकामा, आणि आम्ही दोघं मागे उभे. "आई, जिथे जास्त पैसे तेच टाकू का?" मला पोटात कालवलं एकदम, सतरा वर्षांच्या पोरीने हा विचार आमच्यासाठी करावा याचं. म्हटलं आत्ता अनडिसायडेड टाक. तसं टाकता येतं, नुकसान काही होत नाही, नंतर बदलता येतं. फक्त काही कॉलेजं मार्चच्या सुरुवातीलाच नावं बघायला लागतात तेवढं ध्यानात ठेवायचं.

आता पैशाचं. ही कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप वर्षाला ५०० ते २,००० डॉलर, चार वर्षं. पण अलाबामा किंवा यूटी डॅलससारख्या युनिव्हर्सिट्या फायनलिस्टना त्यावर स्वतःचं मोठं पॅकेज देतात, म्हणून तो रकाना एवढा महागाचा होतो. उलट आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या जुन्या नामांकित युनिव्हर्सिट्यांच्या, आठही ठिकाणी मेरिटवर एक डॉलर मिळत नाही, जी मदत ती घरचं उत्पन्न बघूनच.

तिला एका ठिकाणाहून जवळजवळ फुकट शिक्षणाचं पत्र आलं. पहिल्या पानावर रक्कम ठळक, आणि दर वर्षी ३.५ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) टिकवला तरच पुढचे पैसे ही अट तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात. मी फोन केला, विचारलं की इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात किती मुलांची ही स्कॉलरशिप जाते. तिकडच्या बाई म्हणाल्या हा आकडा आम्ही ठेवत नाही. मला फार राग आला, अजूनही येतो, कारण तिथे चांगल्या हुशार मुलांनाही एखाद्या सेमिस्टरला ३.२ पडतात आणि मग मधेच उरलेल्या वर्षांची पूर्ण फी घरच्यांच्या अंगावर येते. अशी पत्रं आली की रकमेआधी अट वाचा, आणि ती लेखी मागवून घ्या.

फेब्रुवारीत ती तिच्या आवडीच्या कॉलेजात दोन दिवस राहून आली, एका लॅबमध्ये बसली, आणि रात्री फोनवर पाऊण तास त्या लॅबबद्दलच बोलत होती, जेवलीस का विचारायचंही राहून गेलं माझं. परत आल्यावर तिने स्वतःच अनडिसायडेड काढून ते नाव भरलं. कर्ज काढावं लागलं असतं तर मी तिला फुकटच्याच कॉलेजात जायला लावलं असतं, हे स्पष्ट सांगते. पण आम्ही वहीत चार वर्षांचा हिशोब मांडला, फरक मोठा होता तरी कर्जाशिवाय बसत होता.

परवा त्या कॉलेजचं पत्र आलं, वर्षाला २,००० डॉलर. अट तिने स्वतः आधी वाचली, मग रक्कम मला वाचून दाखवली. जुनी गाडी आता अजून चार वर्षं चालवायची ठरलंय.