दुसऱ्या पंगतीची शॅम्पेन

विमानाच्या ज्या भागातून आपण पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन, कुणाच्या खांद्याला लागू नये म्हणून जरा तिरके होत मागे सरकतो, त्या भागात हल्ली म्हणे शॅम्पेन पुरत नाही. आपण सरकत असतो तेव्हा तिथली माणसं हातातल्या गरम टॉवेलकडे फार एकाग्रतेनं बघत असतात. त्यांनाही काही दुःखं असतील असं त्या घाईत आपल्या डोक्यात येत नाही.

आमच्या एका मावसभावाला कंपनी अधूनमधून युरोपला पाठवते, तेही पुढच्या भागातून. पार्ल्यातल्या एका मुंजीत त्यानं आपल्यावरचा अन्याय सविस्तर सांगितला. जेवण यायच्या आत शॅम्पेन संपली. मग व्हाइट वाइन मागितली, तर तिनंही तळ गाठलेला. "बिझनेस क्लास म्हणे!" असं तो तीनतीनदा म्हणाला. माझ्या आईनं काळजीनं विचारलं, "पण जेवण तरी दिलं ना रे?" आणि त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या मावशीनं, विचारलं, "तू कधीपासून?" तिथून विषय जो वळला तो पुन्हा विमानापर्यंत आलाच नाही.

मला मात्र तो प्रश्न चिकटला. एवढं महागाचं तिकीट विकणाऱ्या कंपनीला चार बाटल्या जास्त ठेवायला काय होतं?

होतं असं, की विमानात काहीही चढतं ते मोजून आणि वजन करून. विमानतळाच्या आसपासच्या फ्लाइट किचनमध्ये ट्रॉल्या भरल्या जातात त्या बुक झालेल्या सीटा आणि आधीच्या फेऱ्यांचा खप बघून. चढलेला प्रत्येक किलो इंधन खातो, न पिता परत आला तरी. त्यात शॅम्पेनची बाटली म्हणजे जडच प्रकरण. आत साधारण सहा वातावरणांइतका दाब असतो, तो पेलायचा तर काच जाड लागते. पाऊण लिटर शॅम्पेनसाठी दीड किलोहून जास्त वजन उचलायचं, आणि त्यातलं निम्मं नुसत्या काचेचं. शिवाय बऱ्याच कंपन्या दारूचा साठा आपल्या गावी एकदाच भरतात, जातानाचा आणि येतानाचाही. म्हणजे कंपनी युरोपातली असेल तर मुंबईहून निघणाऱ्याच्या वाट्याला काय येणार हे मुंबईकडे येणाऱ्यांनी किती प्यायली यावर ठरतं. आदल्या फेरीत एखादा उत्साही घोळका बसला असेल, तर आपलं नशीब तिथंच फुटलं.

खर्च कापायची चटक विमान कंपन्यांना जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी 1980च्या दशकात सॅलडमधलं एक ऑलिव्ह कमी करून वर्षाला 40,000 डॉलर वाचवले, हा किस्सा त्या धंद्यात अजून सांगितला जातो. आपल्याकडे उलटी तऱ्हा होती. जे. आर. डी. टाटा एअर इंडियाच्या विमानातून उतरले की बारीकसारीक गोष्टींवर टिपणं लिहून पाठवायचे. चहा आणि कॉफी रंगावरून ओळखता येत नाहीत, ही तक्रारसुद्धा त्यात आहे. ऑलिव्ह काय, चहा काय, कमीजास्त करता येतात. शॅम्पेनमधून काय काढणार?

आणि वाढवणार तरी कशी? फ्रान्समधल्या त्या एका ठरावीक प्रदेशात, म्हणजे जेमतेम 34,000 हेक्टरांत, पिकलेल्या द्राक्षांचीच शॅम्पेन. बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, आणि साध्यातली साधी शॅम्पेनसुद्धा पंधरा महिने मुरल्याशिवाय बाहेर पाठवायची नाही असा तिथला कायदा. विशिष्ट वर्षाचं नाव लावायचं असेल तर तीन वर्षं. 2020 मध्ये साऱ्या जगाचे समारंभ बंद, तेव्हा माल पडून राहील या भीतीनं तिथल्या लोकांनी स्वतःहून कमी द्राक्षं घ्यायचं ठरवलं. 2021च्या वसंतात कडाक्याच्या थंडीनं दव गोठलं, पाठोपाठ पावसानं बुरशी आली. आणि नेमकी त्याच वर्षी लोकांना घरात कोंडून घेतल्याची कसर काढायची होती. विक्री 32 कोटी बाटल्यांच्या वर गेली. मुरायला ठेवलेल्या बाटलीला काही "जरा लवकर हो" म्हणून हाक मारता येत नाही.

हे सगळं मला पटलं, तरी मावसभावाचा चेहरा पटेना. तो इतका दुखावला कशानं?

उत्तर सापडलं ते त्याच मुंजीच्या हॉलमध्ये, पडद्यामागे. आता बुफे असतो. पण आमच्या लहानपणी पंगती असत, आणि बासुंदी कमी पडणार हे सगळ्यात आधी कळायचं ते मुख्य वाढप्याला. तो कुणाला काही बोलायचा नाही. एकदम मसालेभाताची दुसरी फेरी निघायची, आणि ती भलत्याच आग्रहानं. "घ्या हो काका, एवढ्यानं काय होतंय!" मागोमाग मठ्ठा. मग पुऱ्या, गरम, थेट कढईतून. काकांचं पोट असं चहूबाजूंनी घेरलं की मग बासुंदी निघायची, आणि तीही जरा छोट्या पळीनं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पातेलं तिरकं करायचं ते पडद्यामागे. पंगतीसमोर पातेलं तिरकं झालं की तळ दिसतो, आणि तळ दिसला की ज्याला नको असते त्यालाही बासुंदी हवी होते.

विमानातही पडदा असतोच. त्यामागे हवाईसुंदरी असलेली मुलगी बाटली उजेडाकडे धरून बघते, अर्धा क्षण थांबते, आणि बाहेर येते ती हसत. "सर, आज आमच्याकडे एक फार सुंदर रेड आहे, ट्राय करणार?" हा मसालेभातच. फरक एवढाच, की तिच्याजवळ पुऱ्या नसतात आणि समोरचे काका आग्रहाला बधत नाहीत.

पंगतीत कमी पडलं तर लाज यजमानाची असायची. पाहुणा "पोट भरलं हो" म्हणायचा आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात तो किस्सा सांगायचा. विमानात पाहुण्यानं पैसे मोजलेले असतात, म्हणून तो जागच्या जागीच सांगतो. पण दुखणं एकच: पहिल्या पंगतीला मिळाली, दुसऱ्या पंगतीला नाही. काही कंपन्या जेवण कुठलं हवं ते आधी वारंवार उडणाऱ्या, वरच्या दर्जाच्या सभासदांना विचारतात, मग इतरांना. एवढे पैसे भरूनही आपण तिथं दुसऱ्या पंगतीत आहोत हे जे कळतं, ते झोंबतं. मावसभावानं मलाही नंतर जिन्यात हळूच सांगितलंच, "अरे, पहिल्या रांगेतल्या त्या माणसानं तिसरा ग्लास घेतला, मी बघत होतो ना!"

याला पुरावा हवा तर मुंबई–दिल्लीच्या विमानात पुढं बसून बघा. आपल्या देशांतर्गत उड्डाणांत दारू देतच नाहीत. तिथंही तिकीट महागच असतं, सीट तशीच ऐसपैस, आणि समोर येतं मोसंबीचं सरबत किंवा ताक. तिथं कुणी शॅम्पेन नाही म्हणून भांडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कुणालाच नाही म्हटल्यावर कुणाचंच काही बिघडत नाही. तीच माणसं, तोच पैसा. पण ताक सगळ्यांना पुरलेलं असतं.

मजा म्हणजे ज्यासाठी एवढं रामायण, ती गोष्ट वर नीट लागतही नाही. विमानाच्या आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवतात. म्हणजे आपण कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच बसून पीत असतो. हवा इतकी कोरडी की नाक सुकतं, आणि नाक सुकलं की चव गेलीच. लुफ्तान्झानं 2010च्या सुमारास म्युनिकजवळच्या फ्राउनहोफर संस्थेत जुन्या एअरबसच्या सांगाड्यात माणसं बसवून, दाब कमी करून, त्यांना जेवू घातलं होतं. मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवते असं दिसलं. टोमॅटोचा रस मात्र, जो जमिनीवर कुणी फारसा मागत नाही, तो वर छान लागतो. आंबट आणि तुरट चवी वर पुढे सरसावतात. म्हणून नाजूक, भारी वाइन तिथं बिचारी होऊन जाते. थोडक्यात, जगातली महागातली वाइन आपण जीभ सगळ्यात मठ्ठ असते तिथं नेऊन ओततो. त्यात मुंबईहून युरोपला जाणारी बरीचशी विमानं सुटतात मध्यरात्रीनंतर. रात्री दोनला शहाण्या माणसानं ब्लँकेट ओढून झोपावं. पण पैसे वसूल करायचे असतात ना! घरी जो माणूस रात्री दहानंतर चहासुद्धा घेत नाही, "झोप उडते" म्हणतो, तो पहाटे अडीचला दुसरा ग्लास मागतो.

घरचा विषय निघालाच आहे, तर मुंबईत कायद्यानं बघायला गेलं तर घरी पिण्यासाठीही परवाना लागतो. 1949चा दारूबंदी कायदा नावात थोडाफार बदल होऊन अजून आहे. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो आणि बारच्या पाटीवर अजून 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. असा परवाना खिशात ठेवून हिंडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि या अशा शहरातून उडालेला माणूस तीन तासांत शॅम्पेन हा आपला जन्मसिद्ध हक्क असल्यासारखा बोलू लागतो, हे मला फार आवडतं. उंचीचा परिणाम असावा.

मला विचाराल तर यावर तोडगा आहे आणि तो पुणे–नाशिक रस्त्यावर आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं बुडबुड्यांची वाइन करून 'ओमर खय्याम' नावानं परदेशात पाठवली होती. शॅम्पेनवाल्यांच्याच पद्धतीनं, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून. पुढे 2013 मध्ये खुद्द फ्रान्सच्या मोएत कंपनीनं नाशिकच्या द्राक्षांपासून 'शाँदों' काढली, तिकडे दिंडोरीला. नाव शॅम्पेन लावता येत नाही, कारण दिंडोरी फ्रान्समध्ये नाही. बाकी बुडबुडे ते बुडबुडे. मुंबईहून निघणाऱ्या विमानात दोन पेट्या चढवायला कुणाची हरकत नसावी.

मावसभावाला हे सुचवलं तर तो म्हणाला, "छे! नाशिकची? तिकीट किती आहे माहितीये?"

म्हणून मी त्या मुलीला एवढंच सांगेन, की बाटली पडद्याबाहेर आणू नकोस. ग्लास भरूनच ने. कुणी नाव विचारलं तर खरं सांग. रात्री अडीचला विचारतंय कोण?