तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात सगळ्यात वरचा मजला?

"एवढे पैसे घातलेत आणि घेतलात सगळ्यात वरचा मजला? मे महिन्यात राहता तरी कसे?" घरी आलेला पाहुणा पाणी पिऊन झालं की हे विचारतोच. सोलापूरकरानं असं विचारणं अगदी बरोबर आहे. ४३ अंश म्हटलं तर इथे कुणाची भुवई उंचावत नाही, आणि वरच्या मजल्यावर माणूस आणि सूर्य यांच्यामध्ये फक्त एक स्लॅब असतो.

आम्हाला राहता येतं, कारण आमची इमारत पॅसिव्ह पद्धतीची आहे. यंत्र लावून उष्णता बाहेर काढण्याआधी ती आत शिरूच नये, अशी बांधणी. या नावाची पहिली घरं जर्मनीत डार्मस्टाटला बांधली गेली. १९९१ साली चार कुटुंबं तिथे राहायला गेली आणि व्होल्फगांग फाइस्ट या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं त्या घरांची मोजमापं ठेवली. त्यांना हिवाळ्यात ऊब टिकवायची होती: जाड इन्सुलेशन, उत्तम खिडक्या, हवाबंद सांधे, उष्णता निसटायला कुठे वाट नाही आणि ताज्या हवेची वेगळी सोय. नियम इथेही तेच लागू पडतात, पण सोलापुरात त्यांचा क्रम बदलावा लागतो. इथे आधी छप्पर, मग सावली. बाकीचं त्यानंतर.

छप्पर आधी का, तर आपलं गाव साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार भिंतींना नाही, गच्चीला बसतो. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. बाहेर वारा सुटलेला असतो, आत पंख्याखाली अंगाची लाही होते. वरच्या मजल्यावर राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिच्यात दिली आहे: यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. आकडा जितका लहान तितकं छप्पर चांगलं. नुसता सहा इंची आरसीसी स्लॅब घेतला, तर हा आकडा ३ च्या आसपास जातो. आमच्याकडे स्लॅबच्या वर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमच्या शीट आणि सगळ्यात वर पांढरा चायना मोझेक आहे. आकडा १ च्या बराच खाली आला आहे. शीट वरच्या बाजूनं असणं महत्त्वाचं. स्लॅब तापतच नाही, उलट रात्रीचा गारवा धरून ठेवतो. खालून फॉल्स सिलिंगमध्ये काहीतरी भरून हे साधत नाही, हे मी घर शोधणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

गच्चीवर सोलर पॅनेल उंच सांगाड्यावर आहेत, त्यांची सावली स्लॅबवर पडते. पाण्याची टाकीही त्यांच्याच खाली. वरच्या मजल्यावर दुपारी नळ सोडला की हात भाजेल असं पाणी येतं, ते आमच्याकडे येत नाही.

मंगळवेढ्याकडे माझं आजोळ होतं, माळवदाचं घर. लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. दुपारची उष्णता तो थर ओलांडेपर्यंत दिवस कलायचा. सगळे माजघरात निवांत झोपायचे. आमच्या गच्चीवरच्या शीट पाहून मामानं हात लावून बघितलं आणि म्हणाला, "हे म्हणजे माळवदच की गं." खरं आहे, फक्त वजन कमी.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. दक्षिणेचं ऊन वर छज्जा असला की अडतं. पश्चिमेचं तिरपं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. म्हणून त्या बाजूला खिडक्या लहान आहेत आणि काचेच्या बाहेरून सरकती झडप आहे. पडदा आतून लावून फारसा उपयोग नाही. ऊन काचेतून आत आलं की आलंच.

हवाबंद घरात गुदमरत नाही का, हाही प्रश्न येतो. नाही. बाहेरची हवा गाळून आत येते आणि एसी चालू असेल तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेचा गारवा तिला मिळतो. उन्हाळ्यात इथे वावटळी उठतात, त्यामुळे फिल्टर वरचेवर साफ करावा लागतो, एवढं काम वाढतं. उन्हं उतरून बाहेर गार झालं की आम्ही खिडक्या सताड उघडतो, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करतो.

एसी आहे. मेमध्ये रात्रीही पारा फार उतरत नाही, तेव्हा झोपायच्या खोलीत तो लागतो. पण थोडा वेळ चालवला की पुरतो, आणि लाईट गेली तरी खोली तासन्तास गार राहते. कूलर आम्हाला लागत नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे कूलरच्या पाण्याची ही बचत मला विजेच्या बचतीइतकीच मोलाची वाटते.

या घराला लोक लक्झरी म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. बाल्कनीतून कंबर तलाव दिसतो, लिफ्ट दारात थांबते, ही चैन आहे, मान्य. डोक्यावरचं छप्पर न तापणं ही चैन असू नये. शहराच्या पूर्व भागात पत्र्याखाली बसून बायका दिवसभर विड्या वळतात; माझं लहानपण तशाच पत्र्याखाली गेलं. कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं, ३० हजार घरांचा प्रकल्प. २०२४ च्या जानेवारीत त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरं बांधताना छताचा हा नियम सगळीकडे सक्तीचा हवा, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही आत्ता साध्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल, तर गच्चीला निदान पांढरा परावर्तक रंग द्या, किंवा नुसता चुना. पत्र्यालाही रंग चालतो. पश्चिमेच्या खिडकीला चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा लावा, बाहेरून. पहिल्या पावसात चुना धुपतो, म्हणून तो दरवर्षी होळीच्या आधी द्यायचा. गच्ची मात्र सगळ्या सोसायटीची असते. तेव्हा वार्षिक सभेतच ठराव करून घ्या. मार्चमध्ये विषय काढलात, तर मंजुरी येईपर्यंत मे उजाडतो.