दट्टापेटीपासून चिंचोक्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात आज बालवाड्यांसाठी शिकण्याची जी काही साधनं बनतात, त्यामागे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं काम आहे. बडोद्यात दांडिया बाजारच्या गल्लीत वडिलांचं सुतारकामाचं दुकान होतं. पाट, पोळपाट, देव्हारे, लग्नसराईत चौरंग. आई बालवाडीत शिकवायची. शाळेतली दट्टापेटी मोडली, की ती दुरुस्तीला घरीच यायची. वडिलांनी शेवटी एक नवीच करून दिली, आणि ती बघून दुसऱ्या बालवाडीनं मागितली. धंदा असा सुरू झाला.

दट्टापेटी दिसते सोपी. लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्टे, प्रत्येक दट्टा आपल्याच भोकात नीट बसणारा. मुलाचं चुकलं तर शेवटी एक दट्टा हातात उरतो. बाईंना बोलावं लागत नाही, मूल स्वतःच पुन्हा लावायला घेतं. पण पावसाळ्यात लाकूड फुगलं, की बरोबर दट्टासुद्धा अडकतो. मग चूक सुताराची आणि हिरमुसतं मूल! म्हणून आमच्याकडे साग नीट वाळल्याशिवाय करवत लागत नाही, आणि आषाढात प्रत्येक पेटी पुन्हा तपासून मगच बाहेर पडते. एकावर एक रचायच्या मनोऱ्याचे घन एक सेंटिमीटरपासून दहापर्यंत, तेही तसेच काटेकोर. दट्ट्यांच्या खरादकामासाठी आम्ही संखेड्याचे कारागीर आणले. लाकूड फिरवताना त्यांचा हात बघत राहावा असा.

आई ताराबाईंबद्दल भरभरून बोलायची. १८९२ चा जन्म, १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी, पुढे राजकोटला मुलींच्या शिक्षणसंस्थेत प्राचार्यपद. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे छडी नव्हती, बक्षिसंही नव्हती. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, त्यामुळे मूल शाळेत यायलाच हवं हे आम्हा बडोदेकरांना नवं नव्हतं. आलेल्या मुलाशी कसं वागायचं, ते या दोघांनी दाखवलं.

मला सगळ्यांत मोठं वाटतं ते ताराबाईंचं पुढचं पाऊल. शहरात नाव झालेलं असताना १९४५ साली त्या बोर्डी गावी गेल्या, नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये. अनुताई वाघ सोबतीला होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली.

आमचा माल मात्र शहरातल्या शाळांनाच जात होता. एका शाळेनं पूर्ण संच घेतला आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवला, पालकांना दाखवायला. बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही अट घातली : संच घेतला, की आमच्यातलं एक माणूस अर्धा दिवस येणार आणि मुलांच्या हातात तो देऊनच परतणार. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू दिली.

अंगणवाड्यांसाठी वेगळा संच काढला तो मुलीनं. लाकडाचं मोजकंच : एक दट्टापेटी आणि एक छोटा मनोरा. बाकी एक यादी, गावातच गोळा करायच्या वस्तूंची : चिंचोके, शंख, बांबूच्या नळ्या, वेगवेगळ्या पोताचे कापडाचे तुकडे. कशानं मोजायचं, कशाची जोडी लावायची, कुठली वस्तू लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते म्हणून वगळायची, हे त्यात लिहिलंय. यादी फुकट. छोटाउदेपूरकडच्या काही सेविका तर फक्त यादीच नेतात, आणि आम्हाला त्याचा आनंद आहे.

सध्या बोटानं गिरवायच्या काचकागदाच्या अक्षरांचं काम चालू आहे. गुजराती संच तयार आहे. देवनागरीत 'ळ' चा साचा बदलतोय, दोन्ही वाटोळ्यांतून लहान बोट न उचलता फिरलं पाहिजे.