आठवड्याचे मालक, रिमोटचे पाहुणे

टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधल्या खोलीचा वर्षातला एखादा आठवडा, विकणारे लोक खोली फार उत्साहाने दाखवतात. गॅलरीतून दिसणारा देखावा, ओव्हन, कपडे धुण्याचं मशीन, बाथरूममधला भलामोठा टब, सगळं हात लावून दाखवतात. टीव्हीपाशी आले की मात्र त्याची रुंदी तेवढी सांगतात आणि पुढे सरकतात. त्यावर काय बघता येईल हे ते सांगत नाहीत आणि घेणाऱ्यालाही विचारायचं सुचत नाही. सुट्टीवर आलेला माणूस टीव्ही कशाला बघेल, असं दोघांनाही मनापासून वाटत असतं. जगात पाऊस पडतो, हे त्या घटकेला दोघंही विसरलेले असतात.

हॉटेलचं एक बरं असतं. एक-दोन रात्रींचा मामला, त्यात दिवसभर फिरून पाय दुखत असतात. टीव्हीवर बातम्या लागल्या काय नि कुणी कांदा कसा चिरावा हे शिकवलं काय, पंधरा मिनिटांत डोळा लागतो. टाइमशेअरचा आठवडा मात्र लांबलचक असतो. पोहून पोहून मुलांची बोटं सुरकुततात, बघण्यासारखं सगळं बघून होतं, नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं आणि रात्री जेवणं आटोपल्यावर अख्खं कुटुंब सोफ्यावर येऊन बसतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘एखादा पिक्चर लावा ना.’

इथून खरी सुट्टी सुरू होते, किंवा संपते.

टाइमशेअरमधल्या टीव्हीचं दुखणं समजायला आधी त्याची मालकी समजून घ्यावी लागते. ही कल्पना युरोपात १९६० च्या दशकात रुजली. फ्रेंच आल्प्समध्ये बर्फावर घसरायला येणाऱ्यांना दरवर्षी खोली मिळायची मारामार, तेव्हा वर्षातले ठरावीक दिवसच कायमचे विकत घ्या, असा तोडगा निघाला. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय ही कंपनी निघाली आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा घेण्याची सोय झाली. म्हणजे मालक एका ठिकाणचे आणि मुक्काम दुसरीकडे. वर्षात आठवडे बावन्न. त्यातला एखादा डागडुजीला ठेवला, तरी एकेका खोलीला पन्नासेक मालक होऊ शकतात. हे सगळे दरवर्षी देखभालीचे पैसे भरतात, आणि टीव्हीही त्याच पैशांतून येतो. तेव्हा भिंतीवरचा तो टीव्ही कागदोपत्री तुमचाच असतो, फक्त एक पन्नासांश.

पन्नास मालकांच्या वस्तूला कुलूप घालावंच लागतं. हॉटेलांसाठीचे टीव्ही दुकानातल्या टीव्हीसारखे दिसत असले, तरी त्यांच्या पोटात वेगळी व्यवस्था असते. आवाज अमुक आकड्यावर जाणार नाही, चालू केल्यावर आधी अमुकच चॅनल लागेल, बाहेरून जोडलेली वस्तू चालणार नाही, हे सगळं व्यवस्थापनाला आतून ठरवून ठेवता येतं. चॅनल कुठला लागतो ते सांगायला नकोच. रिसॉर्टचा स्वतःचा. त्यावर तेच हसरं कुटुंब त्याच तलावात पुन्हा पुन्हा सूर मारतं आणि मधूनमधून मालकांसाठीच्या माहिती-बैठकीचं निमंत्रण येतं. त्या बैठकीत आणखी एक आठवडा विकत घ्यायची गळ घातली जाते, हे मुरलेल्या मालकांना ठाऊक असतं. या बंधनांचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. भिंतीपलीकडच्या मालकाने रात्री बारा वाजता लावलेली हाणामारी ऐकली, की आवाजाला लगाम घालणाऱ्याला मनोमन दुवा द्यावीशी वाटते.

खोलीत बसून मागाल तो सिनेमा, ही सोय स्ट्रीमिंगच्या कितीतरी आधीची आहे. हॉटेलांच्या मागच्या एखाद्या खोलीत व्हीसीआरची मांडणीच्या मांडणी असायची. प्रत्येकात एकेक कॅसेट. वरच्या मजल्यावर पाहुण्याने बटण दाबलं की खालचं एक यंत्र फिरू लागायचं आणि सिनेमा खोलीच्या बिलावर चढायचा. अमेरिकेत साउथ डकोटातल्या लॉजनेट या कंपनीने या धंद्यात मोठं नाव कमावलं. १९८० मध्ये निघालेल्या या कंपनीने २०१३ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक लॅपटॉप आणि टॅब्लेट घेऊन प्रवास करू लागले होते. जे आपण घरून खिशात घालून आणलं आहे, त्यासाठी खोलीच्या बिलात वेगळी ओळ कोण सोसणार?

टाइमशेअरवाल्यांनी मात्र मधल्या काळात एक वेगळीच वाट धरली होती आणि तिच्यावर माझा जीव आहे. खोलीत डीव्हीडी प्लेअर आणि खाली खेळांच्या खोलीत डीव्हीडींचं कपाट. खोलीचा नंबर लिहा, सही करा, घेऊन जा. त्या कपाटाची निवड कुणीच केलेली नसायची. काही रिसॉर्टने आणलेल्या, काही आधीच्या मालकांनी मागे ठेवलेल्या. डबीवर एक सिनेमा आणि आत दुसराच, हे नेहमीचं. मालिकेचा दुसरा भाग असायचा, पहिला कधीच नाही. तबकडीवर असा ओरखडा, की नायक जिना चढता चढता थिजायचा आणि पुढच्या प्रसंगात लग्न झालेला असायचा. पण निवड करायला वेळ लागत नसे, कारण निवडण्यासारखं फारसं नसेच. जे मिळालं ते सगळ्यांनी बघितलं. घरी आपण होऊन जे कधीच लावलं नसतं असे सिनेमे आम्ही त्या कपाटामुळे बघितले, आणि त्यातले काही चक्क आवडले. नेटफ्लिक्सनेही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये टपालाने डीव्हीडी पाठवणं थांबवलं, तेव्हा ही कपाटं आता किती दिवसांची सोबती आहेत ते दिसतंच आहे.

आता जमाना सोबत स्ट्रीमिंगची स्टिक नेण्याचा. बोटाएवढी वस्तू टीव्हीच्या मागे खोचली की झालं, असं वाटतं. होत मात्र नाही. रिसॉर्टचं वायफाय आधी एक पान उघडून आडनाव आणि खोलीचा नंबर विचारतं, आणि ते पान दाखवायची सोय सगळ्याच स्टिकमध्ये नसते. रोकूसारख्या स्टिक बनवणाऱ्या कंपन्यांनी यावर उपाय काढला आहे. ते पान फोनवर उघडायचं आणि परवानगी स्टिकला मिळवून द्यायची. बरं, स्टिक नको, फोनवरूनच टीव्हीवर टाकू म्हटलं, तर फोनला टीव्ही दिसत नाही. दोघं एकाच वायफायवर, एकाच खोलीत, आणि एकमेकांना ओळख देत नाहीत. हा बिघाड नसून मुद्दाम केलेली तजवीज असते. सगळ्या पाहुण्यांची यंत्रं एकमेकांना दिसू लागली, तर आपण लावलेला सिनेमा शेजारच्या आजोबांच्या टीव्हीवर उमटायचा. म्हणून चांगल्या रिसॉर्टमध्ये खोलीतला टीव्ही आणि खोलीतले फोन यांची सोयरीक वेगळी जुळवून देतात. पडद्यावर एक क्यूआर कोड येतो, तो टिपला की फोनला फक्त तोच एक टीव्ही दिसतो. फोनवरचा सिनेमा टीव्हीवर टाकणारं गूगलचं क्रोमकास्ट २०१३ मध्ये आलं आणि त्याच्या आधाराने अशा व्यवस्था उभ्या राहिल्या. ॲपलने एअरप्लेची अशीच सोय २०२४ मध्ये काही हॉटेलांत सुरू केली.

जिथे हे नाही आणि टीव्हीतच ॲप आहेत, तिथे एक वेगळीच गंमत बघायला मिळते. ॲप उघडावं तर आधीच्या आठवड्याचे मालक अजून तिथेच असतात. ‘कोण बघतंय?’ या प्रश्नाखाली अनोळखी कुटुंबाची नावं आणि त्यांची रंगीत चित्रं. आजी कुठली मालिका अर्ध्यावर सोडून गेल्या, धाकट्याने एकच कार्टून किती वेळा बघितलं, सगळं उघड्यावर. अशा वेळी मी त्यांना शांतपणे लॉग आउट करतो. घरच्यांचा आग्रह वेगळा असतो. ‘आजचा दिवस राहू द्या ना, त्यांच्याकडे सगळं आहे.’ काही ठिकाणी टीव्ही रिसॉर्टच्या नोंदवहीशी जोडलेला असतो. पाहुण्याने खोली सोडल्याची नोंद झाली, की त्याचे सगळे पासवर्ड आपोआप पुसले जातात. वास्तविक ही सोय खोलीतल्या टबाच्या आधी यायला हवी होती.

आणि सगळं जुळून येतं, तेव्हा काय होतं? पडद्यावर आपलं घरच उगवतं. तीच यादी, त्याच अर्धवट राहिलेल्या मालिका, काल घरी जिथे थांबलो होतो तिथून पुढे. परदेशात असलो तर यादी थोडी बदलते, कारण सिनेमांचे हक्क देशादेशांत वेगवेगळ्या लोकांकडे असतात. अर्धी राहिलेली मालिका अचानक गायब होते आणि कधी न ऐकलेलं काहीतरी पुढे येतं. लोक यावर चिडतात. मला मात्र तो बदल बरा वाटतो. त्या जुन्या कपाटाची थोडीशी सर त्याला असते.

खरा पेच यंत्रांपाशी नाही, तो सोफ्यापाशी आहे. टाइमशेअरच्या जाहिरातीत ‘सहा जणांची सोय’ म्हणतात, तेव्हा त्यातले दोघे बैठकीच्या खोलीतल्या सोफ्याचा पलंग करून झोपणार असतात. मोठा टीव्ही नेमका त्याच खोलीत. सिनेमा चालू असेपर्यंत पलंग उघडता येत नाही आणि पलंग उघडला की बाकीच्यांना बसायला जागा उरत नाही. शिवाय प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येक फोनला टीव्ही दिसतो. एकाने लावलेला सिनेमा दुसरा आतल्या खोलीतून उडवू शकतो. तेव्हा आता पहिल्याच संध्याकाळी सोफ्यावर कोण झोपणार ते आम्ही ठरवून टाकतो, आणि सिनेमाच्या निवडीत शेवटचा शब्द त्याचा. झोपेची वेळ त्याची मोडणार असल्यामुळे दीड तासापेक्षा लांब काहीही तो मंजूर करत नाही.