एक एफडी, डावा अंगठा आणि तेवीस दिवस

माझ्या भावाचा उजवा हात बँडेजमध्ये आहे, हे बँकेच्या काउंटरवरच्या बाईंना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, एफडी मोडायचा फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सही त्यांचीच लागेल. रेकॉर्डला जुळली पाहिजे."

तिथून पुढे तेवीस दिवस गेले.

भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. गस्तीवर असताना सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्याखाली गेला, उजव्या हाताची तीन बोटं गेली. आधी श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल, मग उधमपूरचं कमांड हॉस्पिटल. तिथल्या दिवसांबद्दल तक्रार करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आई आणि मी बांद्रा टर्मिनसवरून स्वराज एक्सप्रेसने जम्मूला उतरलो, पुढचं सगळं पलटणीने बघितलं. उपचाराला एक पैसा लागला नाही. वॉर्डातल्या मॅडमना मी दोन दिवस 'सिस्टर, सिस्टर' करत होते. तिसऱ्या दिवशी खांद्यावरचे तीन स्टार दिसले, मॅडम कॅप्टन होत्या. (जाणार असाल तर एक लक्षात ठेवा : आपलं इकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आम्ही जम्मू स्टेशनवर अर्धा तास फोन बंद-चालू करत बसलो होतो.)

डॉक्टर म्हणाले, जखम भरली की सिक लीव्हवर घरी, मग पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटर. आई खूश झाली. मला मात्र तिथेच आमचा जिना दिसायला लागला. काळाचौकीतली चाळ, तिसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. कुबड्या घेऊन तो चढेल कसा? आणि उचलून न्यायचं म्हटलं तर हा माणूस वर येणारच नाही, खाली ओट्यावर झोपेल.

म्हणून तळमजल्यावरची सेल्फ कंटेन्ड रूम शोधली. हेवी डिपॉझिट सात लाख. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो. पैसे होते, भावाच्याच एफडीत होते. विम्याचं वगैरे जे काही असेल ते मेडिकल बोर्ड झाल्यावरचं, त्याची वाट बघून चालणार नव्हतं. नेट बँकिंग त्याने कधी घेतलंच नव्हतं, फोन स्फोटात गेला, आणि एफडीची कागदी पावती आईच्या ट्रंकेत. म्हणजे शाखेत जाणं आलं.

"नॉमिनी मीच आहे," मी म्हटलं.

"ते हयात आहेत ना?"

"हो."

"मग नॉमिनीचा काय संबंध?"

नियमाने बाई बरोबर होत्या. पण ते वाक्य ऐकून मी बाहेर पायरीवर दहा मिनिटं बसून राहिले.

पावती मागच्या बाजूला रेव्हेन्यू स्टॅम्प लावून उधमपूरला पाठवली. भावाने डाव्या हाताने सही केली, शेजारी अधिकाऱ्याचा शिक्का. परत आली तेव्हा बाईंनी कॉम्प्युटरवरची सही बघितली, पावती बघितली. "जुळत नाही." मग मी माझ्या नावाचं ऑथॉरिटी लेटर मागवलं. त्यावरची सहीही जुळली नाही. कशी जुळणार, हात तोच होता! पुढच्या खेपेला मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या ना. पाच मिनिटांचं काम आहे." दोन हजार किलोमीटर, एक पाय, पाच मिनिटं. वर म्हणाले, "आम्हाला जवानांबद्दल फार आदर आहे, मॅडम." त्यांच्या काचेवर सव्वीस जानेवारीचा तिरंग्याचा स्टिकर होता, एक कोपरा सुटलेला. मी सगळा वेळ त्या कोपऱ्याकडे बघत होते.

सुटका झाली ती आमच्या चाळीतल्या निवृत्त सुभेदार काकांमुळे. ते म्हणाले, "तोंडी बोलतेसच कशाला? कागद दे." त्यांना नियमही माहीत होता, स्वतःच्या आईच्या पेन्शनपायी शिकलेला. आजारी किंवा अपंग खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा नाही तर पायाचाही. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. हे रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. मी ते परिपत्रक छापून घेतलं, अर्ज लिहिला, खाली लिहिलं की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन.

अर्ज घेईनात. "साहेब आले की देतो त्यांना." मी म्हटलं, साहेब येऊ देत, मला इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का द्या. दीड तास बसले. शिक्का मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मॅनेजरांचा फोन. उधमपूरला आमची शाखा आहे, तिथला अधिकारी वॉर्डात जाईल. ही शाखा काय त्या रात्रीत उघडली? तेवीस दिवसांतले एकोणीस मी 'साहेब, प्लीज' म्हणण्यात घालवले होते, याचा राग मला बँकेपेक्षा स्वतःचा जास्त येतो.

अधिकारी स्टॅम्पपॅड घेऊन गेला. दुसरे साक्षीदार वॉर्डाचे मेडिकल ऑफिसर. पुरुषाचा डावा अंगठा घेतात, तो शाबूत होता. रात्री भावाचा फोन आला, "ताई, बारावी सायन्स करून शेवटी अंगठेबहाद्दरच झालो गं." मी हसले. आई नाही हसली.

मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं, ते वेगळंच. डिपॉझिट महिनाअखेरच्या दोन दिवस आधी दिलं. रूमचा उंबरा मात्र तिथेही चार इंच निघाला, तो मालकाला सांगून काढून घेतला.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं : घरात कुणी फौजेत असेल तर एफडी आजच दोघांच्या नावावर करा. नुसतं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही एक, किंवा मागे राहील तो) पुरत नाही, मुदतीआधी मोडायला बऱ्याच ठिकाणी दोघांच्याही सह्या मागतात. एकाच्या सहीवर मोडता येईल, असं उघडतानाच लेखी देऊन ठेवा.

भाऊ आता पुण्यात आहे, पायाचं माप झालंय. बँकेला नवी नमुना सही हवी आहे. मी त्याला दुरेघी वही नेऊन दिली, रोज एक पान डाव्या हाताने भरतो. वही संपत आली, पण नावातला 'श' अजून दर ओळीला वेगळा येतो.