दगड कुणाच्या हातात द्यायचा

शनिवारी सकाळी माझ्या लॅपटॉपवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत स्टोअरवर गेम चढवण्याआधी भरायचा वयोगटाचा फॉर्म, दुसरीत मीच लिहिलेले संवाद. फॉर्म विचारत होता की रक्त दिसतं का, माणसाला इजा होते का, भाषा अर्वाच्य आहे का. संवादांच्या अकराव्या ओळीत जातीवरून दिलेली एक शिवी होती, आणि तिच्यावरून आमच्यात आठवडाभर भांडण चालू होतं.

गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये आम्ही चौघं गेम बनवतो. एरवी दुसऱ्यांची कामं करतो. हा मात्र आमचा स्वतःचा गेम, विषय नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला सत्याग्रह. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक मिरवणुकीने देवळाशी आले आणि दारं बंद मिळाली. मग सत्याग्रही दारांपुढे बसले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला. पंचवटीत रोज ये-जा करणाऱ्या मुलांना हे धड माहीत नसतं. आठवी-नववीतल्या मुलाच्या मोबाइलवर चालेल असं काहीतरी करायचं, हा आमचा हट्ट.

प्रोग्रामरचं म्हणणं होतं, शिवी काढ. "सिनेमाला १९५२ चा कायदा आहे, बोर्ड आहे. एकदा प्रमाणपत्र मिळालं की दाखवायला कागद तरी असतो. गेमला आपल्याकडे तसं बोर्ड नाही. उद्या कुणी तक्रार केली तर आपल्या हातात काय?" त्याची भीती खोटी नव्हती. मोठ्या कंपन्याही आधीच माघार घेतात. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'फॉलआउट थ्री' हा गेम इथल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन भारतात आणलाच नाही. बंदी कुणी घातली नव्हती.

मी जर्मनीचं उदाहरण दिलं. तिथे नाझी चिन्हांवर कडक कायदा आहे आणि गेमना सिनेमासारखी सवलत मिळत नव्हती. त्यामुळे २०१७ मध्ये आलेल्या 'वुल्फेन्स्टाइन टू'च्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी काढली, नाव बदललं आणि ज्यूंचे उल्लेखही गाळले. छळ झाकायला गेले आणि ज्यांचा छळ झाला तीच माणसं गोष्टीतून नाहीशी झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने प्रत्येक गेम स्वतंत्रपणे तपासून अशी चिन्हं चालू द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, "ही शिवी काढली तर आपल्या गेममध्ये काय उरेल? बंद दार आणि समोर बसलेले लोक. ते का बसलेत, हे मुलांना कळणार कसं?"

तो शब्द मी इथे लिहीत नाही. गेममध्ये त्याच्याभोवती ते दार आहे, तो जमाव आहे, ऐकणाऱ्याचा चेहरा आहे. इथे तो नुसताच पडून राहील.

अकरा वाजता शेजारच्या इमारतीतला नववीतला मुलगा आला. आमचे गेम तोच तपासतो. मन लावून खेळतो आणि जे वाटतं ते तोंडावर सांगतो. त्याला रामनवमीचा भाग दिला. त्या वर्षी दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा असा समझोता झाला होता, तो मोडला आणि दगडफेक झाली. आमच्या भागात खेळणाऱ्याला बाजू निवडता येत होती. सत्याग्रही व्हा, नाहीतर समोरच्या जमावातले व्हा. कल्पना प्रोग्रामरची. २००९ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त विमानतळावरच्या निःशस्त्र माणसांवर गोळीबार होतो तो भाग त्याने कॉलेजात खेळला होता, तेव्हा हात कापले होते म्हणे. मुलांनाही तसंच अपराधी वाटेल, असा त्याचा हिशेब.

मुलाने जमाव निवडला. पहिला दगड लागला. "ठक" असा भरीव आवाज आला आणि फोन थरथरला. त्याने दुसरा मारला. तिसरा. नेम सुधारला. शिवीची ओळ पडद्यावर येऊन गेली, त्याने पाहिलीसुद्धा नाही. मग मान वर करून म्हणाला, "ताई, एक नंबर! दगड लागला की कसला भारी वाजतो. स्कोअर कुठे दिसतो?"

कुणीच काही बोललं नाही. साउंड करणाऱ्याने त्या "ठक"साठी दोन दिवस घालवले होते. नारळ, वीट, ओलं पोतं असं काय काय आपटून पाहिलं होतं. मुलगा वाईट नाही. आम्ही त्याच्या बोटाला जी मजा दिली ती त्याने घेतली. आठवडाभर आम्ही एका शब्दावर भांडत होतो आणि खरी गडबड त्या थरथरण्यात होती. वाईट गोष्ट दाखवणं वेगळं आणि ती करायला गोड वाटेल अशी बेतणं वेगळं. फॉर्म रक्ताबद्दल विचारतो, पण दगड मारताना हाताला काय वाटतं हे त्यात कुठेच नव्हतं.

दुपारी नाशिकरोडहून आजी आल्या. निवृत्त शिक्षिका, वय सत्त्याहत्तर. त्यांचे वडील, त्यांचे दादा, तरुणपणी सत्याग्रहाला बसले होते. "जय भीम" म्हणून बसल्या, चष्मा पुसला आणि फोन दोन्ही हातांनी धरला. शिवीची ओळ आली तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. त्यांनी ती वाचली, परत वाचली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दादांनी कानांनी ऐकलंय. तुम्ही वाचायला कशाला घाबरता?"

मला वाटलं, सुटलो. त्या खेळत राहिल्या. शेवटचा टप्पा आला. नीट खेळलं, सगळ्यांना शांत ठेवलं, कुणी उलट हात उचलला नाही, तर शेवटी दार उघडतं आणि सोनेरी उजेड आत येतो. हा शेवट माझा. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

आजींनी फोन पालथा ठेवला. "अगं, हे काय केलंस? आमच्यासाठी कुठे उघडलं होतं दार? इतकी वर्षं बसले सगळे. शेवटी येवल्याला जाऊन बाबासाहेबांना सांगावं लागलं की हिंदू म्हणून मरणार नाही. नीट वागले असते तर उघडलं असतं, असं सांगायचंय का पोरांना?"

मी काय बोलणार? येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, देऊळ खुलं झालं ते स्वातंत्र्यानंतर. या तारखा माझ्या वहीत होत्या. तरी मुलांना जिंकल्यासारखं वाटावं म्हणून मी दार उघडलं होतं. शिवीने त्या दुखावल्या नाहीत, माझ्या गोड शेवटाने दुखावल्या. असा शेवट कुठल्याही सेन्सॉरने खुशाल पास केला असता.

रात्री नऊपर्यंत बसलो. बाजू निवडायची सोय काढली. प्रोग्रामर आधी चिडला, मग त्यानेच ती फाइल डिलीट केली. दगड आता फक्त समोरून येतात, आवाज लागलेल्या माणसाच्या बाजूने ऐकू येतो, बोथट, आणि फोन थरथरत नाही. शिवी ठेवली. फॉर्ममध्ये भाषेच्या प्रश्नापुढे "होय" लिहिलं. त्यामुळे वयोगट वर गेला आणि आमचे ठरलेले खेळाडू, म्हणजे आठवीतली मुलं, कदाचित सुटतील, याचं वाईट वाटतं. पण खोटं उत्तर द्यायचं नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात दार बंद राहतं. त्याच्यावर बोट ठेवलं तर काहीच होत नाही. दिवस मावळतो, पुन्हा उजाडतो, माणसं बसलेलीच असतात.

रविवारी नवी आवृत्ती आजींना पाठवली. तपासणीच्या प्रतीत प्रत्येक स्पर्शाची नोंद होते. संध्याकाळी ती उघडून पाहिली. आजींनी ते दार एक्केचाळीस वेळा दाबलं होतं.